बुधवार, पाच वाजता

कल्याण,
६ जानेवारी २०२५

चि. अक्षदा,

आशीर्वाद आहेतच, ते बाजूला ठेवून मुद्द्यावर येते.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज केला तर अंगठा पाठवतेस. त्या अंगठ्याचं मी काय करू? तू बंगळुरूला हॉस्टेलवर होतीस तेव्हा मी दर महिन्याला पत्र लिहायचे आणि तू निमूटपणे उत्तर द्यायचीस. आता पुन्हा तेच. पोस्ट अजून चालू आहे, मी चौकशी केली.

तुझ्या चुलतबहिणीच्या, दिशाच्या हळदीला तू आली नाहीस. तुझ्या वडिलांनी चार लोकांत सांगितलं की तुझं पोट बिघडलंय. आमच्या कुंडलिकला खोटं कधीच जमलं नाही. मी त्याला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, तेव्हा खरं कळलं. तुझ्याकडे उपचाराला येणाऱ्या एका तरुणाने डिसेंबरात आत्महत्या केली, आणि तेव्हापासून तू कोणाशी धड बोलत नाहीस, अर्ध्या ताटावरून उठतेस.

वाईट झालं. त्या घरावर काय कोसळलं असेल ते मला कळतं. पण तू त्या घरची नाहीस. मी जन्मभर इस्पितळात नोकरी केली आणि मेट्रन म्हणून निवृत्त झाले. पेशंट जातात. आम्ही हात धुऊन पुढच्या खाटेकडे जायचो. निर्दय होतो म्हणून नव्हे. पुढच्या खाटेवरही माणूस असतो म्हणून. तुमच्या मानसशास्त्रात हे शिकवत नसतील तर मी शिकवते.

कुंडलिकबरोबर तांदळाचं पीठ पाठवलं आहे. भाकऱ्या थाप. हात कामात असले की डोकं गप्प बसतं.

उत्तर पाठव. अंगठा नको.

कलावतीआत्या


ठाणे,
१४ जानेवारी २०२५

आत्या,

पीठ आणि पत्र दोन्ही मिळालं. पीठ चाळून घेतलं. पत्र चाळता आलं नाही, तसंच गिळलं.

पहिली गोष्ट, मी घरी बसून भिंती बघत नाही. रोज क्लिनिकला जाते. रोज सहा-सात पेशंट बघते. फक्त बुधवारी पाच वाजता कोणालाही घेत नाही. ती त्याची वेळ होती.

त्याचं नाव तुला सांगणार नाही, काय करायचा तेही नाही. नियम आहे, पण नियम नसता तरी सांगितलं नसतं. ते त्याचं आहे. एवढंच सांगते, तो दीड वर्ष दर बुधवारी यायचा. घोडबंदर रोडच्या जाममधून सुटून धापा टाकत यायचा आणि पहिली पाच मिनिटं नुसत्या पुलाच्या कामाला शिव्या द्यायचा. मग मुद्द्याचं बोलायचा. शेवटच्या बुधवारी तो मोकळा हसला. मला वाटलं, सुधारतोय. जाताना म्हणाला, "पुढच्या बुधवारी मॅडम, पूल पडला नाही तर." रविवारी तो गेला.

त्या दिवशी तो खरंच बरा होता की त्याने आधीच ठरवलेलं होतं, हे आता मला कोणीच सांगू शकणार नाही.

आमचे प्रमुख डॉक्टर नायजेल. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, घरच्यांना फोन करायचा नाही, अंत्यविधीला जायचं नाही, वकिलांचा सल्ला आहे. पुढच्या आठवड्यात आम्हा सगळ्यांसाठी एक व्याख्यान ठेवलं, 'धक्क्यातून वाढ'. सोबत सामोसे. सहकारी भेटले की म्हणतात, "तुझी चूक नाही." काय झालं ते एकानेही विचारलं नाही. न विचारता निर्दोष सोडतात, कारण त्यांना विषय संपवायचा असतो. नवऱ्याला मी काही सांगू शकत नाही, आणि तो बिचारा आईस्क्रीम आणतो.

आता तुला खरी अडचण सांगते. मला ऐकू येईनासं झालंय. समोरचा माणूस बोलतो आणि मी त्याच्या बोलण्यात फक्त धोका शोधते. झोप कशी आहे, जीव नकोसा वाटतो का, घरी एकटे असता का. नाक्यावरच्या पोलिसासारखी. एकाला गरज नसताना भीतीपोटी इस्पितळात दाखल करायला लावलं. त्याची नोकरी जायची वेळ आली. मागच्या आठवड्यात एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझं ऐकत नाही आहात. तुम्ही मला तपासताय." तिचं बरोबर होतं.

मी राजीनामा दिलाय. एकतीस मार्च शेवटचा दिवस. बाबांना सांगू नकोस.

अक्षदा


कल्याण,
२० जानेवारी २०२५

चि. अक्षदा,

राजीनामा! शाब्बास.

तुझ्या शिक्षणासाठी कुंडलिकने कोलशेतच्या जमिनीचा तुकडा विकला तेव्हा आख्खं गाव हसलं होतं. पोरगी वेड्यांची डॉक्टर होणार म्हणून. मी त्या सगळ्यांशी भांडले. ते काय, तू पहिल्या धक्क्याला घरी बसावंस म्हणून?

रागावलीस तरी चालेल, पण विचारते. एक माणूस फक्त तुझ्यामुळे जगत होता आणि तुझ्यामुळेच मेला, एवढी मोठी कधी झालीस तू? त्याला आई असेल, दोस्त असतील, ऑफिस असेल, त्याचा आजार होता. तू आठवड्यातला एक तास होतीस. जास्त नाही.

आमच्या वॉर्डात माणूस गेला की चादर निघायची. गादी डेटॉलने पुसायची, उन्हात टाकायची, नवी चादर ताणून लावायची, आणि संध्याकाळच्या आत त्या खाटेवर दुसरा पेशंट. नवीन आलेल्या मुलींना ते क्रूर वाटायचं. दोन रात्रपाळ्या झाल्या की कळायचं. रिकामी खाट वॉर्डात फार वाईट. सगळे तिच्याकडेच बघत बसतात, पेशंटसुद्धा आणि सिस्टरसुद्धा.

तू बुधवारची खाट मेलेल्या माणसासाठी अंथरून ठेवली आहेस. ती आधी कोणाला तरी दे. राजीनाम्याचं नंतर बघू.

भाकऱ्या थापल्यास का, ते लिहिलं नाहीस. म्हणजे नाही थापल्यास.

कलावतीआत्या


ठाणे,
२८ जानेवारी २०२५

आत्या,

तुझ्या दोन पत्रांत प्रश्नचिन्हं भरपूर आहेत. प्रश्न एकही नाही. सगळे टोमणे.

तुझ्या वॉर्डात माणसाला आजार मारायचा आणि तू आजाराच्या विरुद्ध उभी असायचीस. मी दीड वर्ष एका माणसाला सांगत होते की जगता येतं. तो समोर बसून ऐकत होता, मान हलवत होता, कधी भांडत होता. मग त्याने माझ्याविरुद्ध मत दिलं. ही चादर कशी काढायची, ते तुझ्या मेट्रनच्या पुस्तकात असेल तर कळव.

आमच्या रिसेप्शनवरच्या विश्रामने बुधवारची वेळ कोणाला दिली की मी ती काढून घेते. फेब्रुवारीपासून हे चालणार नाही, असं नायजेल म्हणाले आहेत. तेही तुझ्याच पक्षाचे. तुमचं दोघांचं जमेल.

कृपया आता काही दिवस लिहू नकोस.

अक्षदा


ठाणे,
१३ फेब्रुवारी २०२५

आत्या,

'लिहू नकोस' म्हटलं, 'ये' म्हटलं नव्हतं.

के. व्ही. तरे. सासरचं आडनाव आणि नुसती अक्षरं. विश्रामला वाटलं कोणी पुरुष आहे. काल पाच वाजता दार उघडून तू आत, मांडीवर कापडी पिशवी, आणि म्हणे, "गुडघे दुखतात."

मी तुला नीट सांगितलं की नातेवाइकांना मी पेशंट म्हणून घेऊ शकत नाही. तू म्हणालीस, "मग नको घेऊस. वेळ माझ्या नावावर आहे, पैसे भरलेत, मी बसणार." आणि बसलीस. वीस मिनिटं आपण दोघी एकमेकींकडे बघत बसलो होतो. माझ्या नोकरीत इतकी हट्टी शांतता मी पाहिलेली नाही. मग तू विचारलंस, "तो कुठे बसायचा?" मी म्हटलं, "तू बसलीस तिथेच."

तू उठलीस. मला वाटलं, आता तरी हिला काही वाटेल. आणि तू पिशवीतून फडकं आणि डेटॉलची बाटली काढलीस! कल्याणहून आणलेली. म्हणजे ठरवून आली होतीस. खुर्ची पुसायला लागलीस, त्याच्या पाठीशी असायची त्या उशीचा अभ्रा ओढून काढलास, आणि मी ओरडले. "हात लावू नकोस त्याला!" मी खुर्चीबद्दल बोलत नव्हते, हे ओरडल्यावर मला कळलं.

बाहेर तीन पेशंट बसले होते. विश्राम धावत आला. नायजेल आले, तर तू त्यांना म्हणालीस, "तुम्ही बाहेर थांबा हो, इथे काम चाललंय." मला हसू आलं आणि मग मी रडले. डिसेंबरपासून पहिल्यांदा. रडून बरं वाटलं असं समजू नकोस. बरं वाटलं नाही, डोकं चढलं. आज नायजेलनी लेखी खुलासा मागितलाय. आख्ख्या मजल्यावर डेटॉलचा वास आहे आणि पेशंट विचारतायत, इथे ऑपरेशनं पण करतात का.

तू कोणालाही न सांगता तो अभ्रा पिशवीत घालून नेलास. तो परत पाठव.

न धुता.

अक्षदा


कल्याण,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षदा,

अभ्रा पाठवते आहे. धुतलेला नाही.

बादलीपर्यंत नेला होता. पाणी सोडलं, साबण हातात घेतला, तेवढ्यात तुझं पत्र आलं. पोस्टमन दारात उभा आणि मी ओल्या हाताने पाकीट फोडतेय. शेवटची ओळ वाचली आणि नळ बंद केला.

मग पाटावर बसले होते. बसल्या बसल्या लक्षात आलं की मी तुला वॉर्डाची अर्धीच गोष्ट लिहिली. चादर लगेच निघत नसे. आधी आम्ही पडदा ओढायचो. दोघी सिस्टर आत. कोमट पाण्याने तोंड पुसायचं, हात पुसायचे, केस विंचरायचे, डोळे मिटवायचे. आणि नाव घेऊन बोलायचं. "गणूमामा, या कुशीवर घेतो हं." मेलेल्या माणसाला सांगून वळवायचं, अशी आमच्याकडे रीत होती. मला ज्या सिस्टरने शिकवलं तिची. नव्या मुली तोंड दाबून हसायच्या. नंतर त्याच सांगू लागायच्या. ते सगळं झालं की मग चादर, मग डेटॉल, मग नवा पेशंट. हात धुऊन पुढच्या खाटेकडे जाता यायचं, कारण त्याआधी हातांनी काही केलेलं असायचं.

तुला कोणी पडदा ओढू दिला नाही. तू त्याला शेवटचं पाहिलं नाहीस, त्याच्या घरी गेली नाहीस, दोन शब्द पाठवले नाहीस. आणि मी बाटली घेऊन आले, खाट रिकामी कर म्हणून. माझं चुकलं. हे मी एकदाच लिहिणार आहे, तेव्हा कागद जपून ठेव.

आता तुझं. वकिलाने सांगितलं आणि तू ऐकलंस, याचा मला अजून राग आहे. तुमचे नियम मला कळत नाहीत, म्हणून त्याच्या घरी जा असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या कामात तोंड पुसणं म्हणजे काय, ते तुलाच शोधावं लागेल. नायजेलसाहेबांचा खुलासा मी लिहून देते हवं तर. 'डेटॉल माझं होतं' एवढं पुरेल.

आणि प्रश्न हवा होता ना तुला? हा घे. शेवटच्या बुधवारी तो कशाला हसला होता?

आत्या


ठाणे,
६ मार्च २०२५

आत्या,

तो मला हसला होता. त्या दिवशी मी पण जाममध्ये अडकले होते आणि त्याच्यानंतर पोचले. आत आल्या आल्या त्याच्याआधी मीच पुलाच्या कामाला एक अस्सल शिवी दिली. आपल्या कोलशेतची. त्याने डोळे मोठे केले आणि इतका हसला की रुमाल काढावा लागला. बस, एवढंच. तीन महिने मी त्या हसण्यात काय काय शोधत होते. तुझं पत्र वाचेपर्यंत मला ते कशामुळे होतं हेच आठवत नव्हतं. बाकी मला काहीच माहीत नाही, आणि ते तसंच राहणार. पण ते हसू खरं होतं. त्याला मी साक्षी आहे.

मग मी नायजेलकडे गेले. म्हटलं, मी त्याच्या आईला फोन करणार आहे. त्याच्या उपचारातलं काही सांगणार नाही, पण फोन करणार. ते म्हणाले, वकील. मी म्हटलं, वकिलाला माझा नंबर द्या. नाहीतरी मी जाणार आहे, मला काय काढून टाकाल? त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. शेवटी म्हणाले, "मी तुला हे बोललो नाही, पण माझाही एक पेशंट असाच गेला होता. मी कोणालाच फोन केला नव्हता." आणि कॉम्प्युटरकडे वळले.

फोनवर आई पहिलं वाक्य बोलली ते असं, "इतके दिवस कुठं होता तुम्ही?"

मी म्हटलं, तुम्हाला यावंसं वाटलं तर या. तुम्ही म्हणाल तेव्हा. काल बुधवारी त्या आल्या. वेळ त्यांनीच सांगितली. पाच.

चांगलं झालं असं वाटून घेऊ नकोस. त्या त्याच्या खुर्चीत बसल्या नाहीत, खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या, पर्स उघडबंद करत. म्हणाल्या, "दीड वर्ष पोराला तुमच्याकडं पाठवला. काय केलात तुम्ही?" माझ्याकडे उत्तर तयार होतं, पाठ केलेलं. ते बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "जमेल ते सगळं केलं. ते पुरलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं." त्यांनी विचारलं, माझ्याबद्दल काय बोलायचा? मी म्हटलं, ते मी सांगू शकत नाही. त्या चिडल्या. चिडणारच. मी आई असते तर टेबल उलटं केलं असतं. "मेलेल्या माणसाचं पण गुपित?" म्हणाल्या आणि उठल्या.

दारापाशी थांबल्या. माझ्याकडे पाठ होती. म्हणाल्या, "बुधवारी जेवायचा तो. बाकीचे दिवस ताट तसंच ठेवायचा. इथनं आला की मागून घ्यायचा. मी बुधवारी मुद्दाम मांदेली आणायची. आता बुधवार आला की काय करू तेच समजत नाय."

मी म्हटलं, "मलाही."

त्या वळल्या, माझ्याकडे नीट बघितलं. नमस्कार नाही, काही नाही. विचारलं, "लिफ्ट कुठल्या बाजूला?" मी खालपर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसताना म्हणाल्या, "परत येईन कदाचित. भांडायला." मी म्हटलं, या.

वर खोलीत आले. तुझ्या रीतीप्रमाणे त्याला नाव घेऊन सांगितलं. काय सांगितलं ते तुला कळवणार नाही, पण सांगितलं. मग अभ्रा घरी आणला आणि हाताने धुतला. गॅलरीत वाळतोय.

आज ती मुलगी आली होती, जिला मी तपासत होते ती. ऑफिसच्या नव्या वेळांमुळे पुढच्या महिन्यापासून तिला फक्त बुधवारची संध्याकाळ जमणार आहे. आज तिच्याशी बोलताना मी निम्मा वेळ ऐकलं, निम्मा वेळ घाबरले होते. आधीपेक्षा बरं. विश्रामला म्हटलं, तिला एप्रिलपासून बुधवार पाचची वेळ दे. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर एकतीसला जाताय." मी म्हटलं, "तू नोंद कर."

अक्षदा

ता. क. भाकऱ्या थापल्या. पहिल्या दोन फाटल्या.


कल्याण,
१० मार्च २०२५

चि. अक्षदा,

एप्रिलचं वाचलं. त्यावर मी काही बोलणार नाही, बोलले की तू उलटं करतेस.

पाणी गरम नव्हतं, म्हणून फाटल्या. पीठ कढत पाण्यात उकडून घ्यायचं, हे तुला किती वेळा सांगितलं आहे.

त्या बाई भांडायला आल्या तर भांडू दे. मध्ये बोलू नकोस. चहा दे.

एकच विचारायचं राहिलं. बुधवारी त्या गेल्यावर, घरी येऊन, तू जेवलीस का?

आत्या